जळालेले तीन पिअर, एक सुकती: ब्रायटन, ईस्टबोर्न, हेस्टिंग्ज

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर युजीनियस बर्च या अभियंत्याने बांधलेले तीन पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेले सैरीचे धक्के, रेल्वेच्या एकाच पट्ट्यात येतात: ब्रायटनचा वेस्ट पिअर (१८६६), ईस्टबोर्न (१८७०) आणि हेस्टिंग्ज (१८७२). तिन्ही जळाले. एका दिवसात तिन्ही होतात, पण बेत गाडीच्या वेळेवरून न आखता सुकतीवरून, म्हणजे ओहोटीला पाणी सगळ्यात खाली असतं त्या वेळेवरून, आखावा.

इथे उधाणाला भरती-ओहोटीत सहा मीटरच्या आसपास फरक पडतो, मुंबईपेक्षा बराच जास्त. पाणी वर असेल तर पिअरचे पाय दिसतच नाहीत, आणि बघण्यासारखं तिथेच असतं. सुकतीच्या आगेमागे दोन-दोन तास पाणी संथ हलतं. एकूण चढ-उताराचा साधारण चौथा हिस्सा तेवढ्या वेळात होतो. म्हणून सुकती दुपारी एकच्या सुमारास असेल असा दिवस निवडा. अकराला वेस्ट पिअर, एकला ईस्टबोर्न, तीनच्या आत हेस्टिंग्ज. ब्रायटन ते ईस्टबोर्न गाडीने साधारण ४० मिनिटं, पुढे हेस्टिंग्ज अर्धा तास. ईस्टबोर्नला रूळ संपतात, त्यामुळे पुढची गाडी आल्या दिशेनेच परत निघते. गोंधळून उतरू नका.

ब्रायटन स्टेशनपासून उतार उतरत किनारा पंधरा मिनिटांवर, मग उजवीकडे दहा मिनिटं. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. चपला घालून गेलात तर पाय मुरगळेल. वेस्ट पिअर १९७५ पासून बंद होता. २००२-०३ च्या हिवाळ्यात वादळांनी कॉन्सर्ट हॉल आणि टोकाचा पॅव्हिलियन यांना जोडणारा भाग पाडला. २८ मार्च २००३ ला पॅव्हिलियन पेटला तेव्हा जवानांना तिथवर जायला वाटच उरली नव्हती. ११ मेला कॉन्सर्ट हॉलही गेला. आता पाण्यात सांगाडा उरला आहे. पाण्याखाली तुटकं लोखंड असतं, म्हणून त्याच्या आसपास पोहायला जाऊ नये.

पिअर इतका का पेटतो? लाकडी फळ्यांच्या फटींतून खालून वारा मिळतो, तोही समुद्राचा. लाकडावर वर्षानुवर्षांचा रंग आणि डांबरी तेल असतं, फटींत कचरा साठतो. बंब आत नेता येत नाही, कारण फळ्या त्याचं वजन पेलणार नाहीत. आणि समुद्रावर असूनही ओहोटीला पंपाला पाणी पुरत नाही! आग फळ्यांच्या खालून पसरली की वरून मारलेलं पाणी तिला लागतही नाही.

पाय मात्र बहुधा वाचतात. ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असतात आणि आगीच्या खाली असतात. वरच्या घडीव लोखंडाच्या किंवा पोलादाच्या तुळया तापून वाकतात. बीड वाकत नाही, पण तापलेलं असताना थंड पाणी पडलं तर तडकतं. त्याचा खरा शत्रू खारं पाणी. ते बिडातलं लोखंड हळूहळू खाऊन मऊ ग्रॅफाइट मागे ठेवतं, आकार जसाच्या तसा. नजरेला खांब धडधाकट, आतून पेन्सिलीच्या शिशासारखा. म्हणून दुरुस्तीआधी प्रत्येक खांबाची जाडी तपासावी लागते, पाणबुडे उतरवावे लागतात. खांबांना एकमेकांशी बांधणाऱ्या तिरक्या ताण-सळ्या सगळ्यात आधी जातात. त्या बदलायचं टाळलं की पुढच्या वादळात खांब डोलू लागतात.

ईस्टबोर्नचा पिअर ३० जुलै २०१४ च्या दुपारी पेटला. तो चालू होता, माणसं होती, आग लगेच दिसली आणि वाट शाबूत होती. सुमारे ८० जवानांनी किनाऱ्याकडचा साधारण एक तृतीयांश भाग जाऊनही बाकीचा राखला. जळाल्या इमारतीच्या जागी आता मोकळा डेक आहे. तिथे उभं राहून टोकाकडे बघितलं की आग कुठे अडवली ते कळतं. इथे अर्धा तास पुरे.

जास्त वेळ हेस्टिंग्जला द्या. २००८ पासून कुलूप लागलेल्या या पिअरचा वरचा जवळपास ९५ टक्के भाग ५ ऑक्टोबर २०१० च्या आगीत गेला. पाय उरले. लॉटरी निधी आणि लोकांनी घेतलेले शेअर यांतून, सुमारे १.४ कोटी पौंड खर्चून, तो २०१६ ला पुन्हा उघडला. बहुतेक पैसा पाण्यातल्या कामात गेला, म्हणून वर मोकळा डेक दिसतो. "एवढ्या पैशांत हेच?" असं वाटलं तर खाली वाळूत उतरून खांब बघा. मधल्या इमारतीला आगीतून वाचलेल्या काळवंडलेल्या फळ्यांचं आवरण आहे, जवळून बघा. ब्रिटनमधला वास्तुरचनेचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार २०१७ ला मिळाला आणि त्याच वर्षी पिअर चालवणारी संस्था दिवाळखोरीत गेली. बांधकामाला निधी मिळतो, दरवर्षीच्या रंगाला मिळत नाही, हे या धंद्याचं जुनं दुखणं.

वारा जोरात असेल किंवा दुरुस्ती चालू असेल तर पिअर अचानक बंद ठेवतात. निघण्याआधी खात्री करा. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारतं. तेव्हा क्रम उलटा करा, हेस्टिंग्जपासून सुरुवात. संध्याकाळी ब्रायटनला पोचलात तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी साळुंकीच्या जातीतल्या पक्ष्यांचे प्रचंड थवे पिअरवर मुक्कामाला उतरताना दिसतात.