दिव्याचं बटण

कथेतला म्हातारा तीन आठवडे अंथरुणात अडकला होता. त्याने रात्री उठून पाणी प्यायचं, एवढाच प्रसंग. पण मी लिहायला घेतलं की तो मुकाट्याने उठे, दिवा लावी, पाणी पिई आणि झोपे. वाचणाऱ्यालाही झोप यावी इतकं सरळ. शेवटी वैतागून मी चार दिवस परगावी, एका लॉजवर जाऊन राहिलो. लिहायला म्हणून नव्हे, त्या म्हाताऱ्यापासून सुटायला म्हणून.

पहिल्याच रात्री जाग आली. हात सवयीने उजवीकडच्या भिंतीवर गेला. बटण नव्हतं. तळवा सरकत वर गेला, खाली आला. एक गार खिळा लागला, मग कॅलेंडरचा कागद खरखरला, मग पडद्याची जाड घडी. बटण निघालं डावीकडे, कपाटाच्या आडोशाला. दिवा लागला आणि मी पाणी न पिताच कागद ओढला. म्हाताऱ्याला बायको गेल्यावर मुलाने आपल्या घरी आणलंय, हे मला माहीत होतं. त्याचा हात अजून जुन्याच घराच्या भिंतीवर फिरतोय, हे माहीत नव्हतं.

प्रवासात लेखकाला नवे विषय मिळतात म्हणतात. मला ते निम्मंच पटतं. नव्या गावाबद्दल तिथेच बसून केलेली माझी टिपणं नंतर मलाच वाचवत नाहीत. माहितीपत्रकाला विशेषणं डकवल्यासारखी वाटतात. हाती लागतं ते मागे सोडून आलेलं. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉईसने १९०४ साली आपलं डब्लिन सोडलं. पुढे पाहुण्यासारखा जाऊन आला, कायमचा परतला नाही. तरी १९२२ साली आलेली त्याची 'युलिसिस' कादंबरी डब्लिनमधल्या एका दिवसाची, आणि शेवटच्या पानावर लिहिण्याची ठिकाणं छापली आहेत ती ट्रिएस्ट, झुरिक, पॅरिस. पुस्तक संपत आलं तेव्हा त्याने पॅरिसहून मामीला पत्र टाकून विचारलं, की अमुक घराचा कठडा ओलांडून साध्या माणसाला खाली उतरता येईल का? त्याच गल्लीत राहत असता, तर कठड्यावरून रोज गेला असता आणि हा प्रश्न त्याला पडला नसता, असं मला आपलं वाटतं. 'ट्रेझर आयलंड'वाला स्कॉटिश लेखक स्टीव्हन्सनही पॅसिफिकमधल्या सामोआच्या दमट बेटावर बसून स्कॉटलंडची कादंबरी लिहीत होता. १८९४ साली तो गेला तेव्हा ती अर्धीच राहिली होती.

लांबच जायला हवं असंही नाही. अमेरिकन लेखिका माया अँजेलो राहत्या गावातच हॉटेलची खोली घेऊन लिहायची आणि भिंतीवरची चित्रं काढून ठेवायला सांगायची. मला चित्रं चालतात. बटण तेवढं भलत्या जागी हवं.

पण हा नवेपणा फार टिकत नाही. तिसऱ्या रात्री हात थेट कपाटाआड बटणावर गेला आणि मी चक्क खट्टू झालो. चौथ्या दिवशी सामान आवरलं.

घरी आलो त्या रात्री पुन्हा जाग आली. हात डावीकडे गेला, लॉजच्या सवयीने. तिथे नुसती भिंत होती. बोटांना रंगाचे पापुद्रे लागले, चांगले वीतभर सुटलेले. कधीपासून, कोण जाणे. मी दिवा न लावता बराच वेळ ते चाचपत बसलो.