वजनाबाहेरचा दागिना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माझ्या कामाविषयी लिहायला सांगितल्याबद्दल मी संपादक मंडळाचा ऋणी आहे. मी दागिने घडवतो. मात्र वजन अधिक घडणावळ या हिशेबात ते बसत नाहीत. त्यांत सोन्याच्या जोडीला रबर, कागद किंवा गंजलेला पत्राही चालतो, आणि दागिना का घडवला व अंगावर आल्यावर काय सांगतो, यावरून त्याचे मोल ठरते.

मला या वाटेवर आणले ते ओटो क्युन्त्सली या स्विस कलावंताच्या कामाने. १९८० साली त्यांनी काळ्या रबराच्या कड्यात सोन्याची गोळी दडवली आणि त्या कड्याला ‘सोने आंधळे करते’ असे नाव दिले. बाहेरून दिसतो तो केवळ फुगवटा. आत खरेच सोने आहे, यावर घालणाऱ्याने विश्वास ठेवायचा, कारण खात्री करायची तर कडेच कापावे लागेल. पुढे १९८५-८६ मध्ये त्यांनी लोकांनी वापरलेल्या ४८ लग्नाच्या अंगठ्या एकमेकींत गुंफून साखळी केली. सोने तेच, तरीही ती गळ्यात घालायला बहुतेकांचे मन धजावणार नाही, असे मला वाटते. दागिन्यात धातूखेरीज काय साठते, याचा याहून ठळक पुरावा मला ठाऊक नाही.

विचार कितीही मोठा असो, हाताला सूट मिळत नाही. चांदी ठोकत गेल्यास कडक होते आणि वेळेवर तापवून नरम केली नाही, तर चिरते. विज्ञानाच्या बाईंनी पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे दोऱ्याला टांगून आम्हाला गुरुत्वमध्य शोधायला लावला होता, तो धडा मला अजून उपयोगी पडतो; कारण ब्रोचची टाचणी गुरुत्वमध्याच्या वर बसवली नाही, तर तो कपड्यावर पुढे कलंडतो. पाहणाऱ्याला कधीच न दिसणाऱ्या या मागच्या बाजूवर माझे बरेचसे श्रम खर्ची पडतात, आणि ते योग्यच आहे.

मुले चरितार्थाविषयी विचारतील. प्रत्येक वस्तू एकदाच घडते आणि ती विकली जाईलच असे नसते; म्हणून या क्षेत्रातील अनेकजण शिकवतात. स्वतः क्युन्त्सली १९९१ ते २०१४ या काळात म्युनिकच्या ललित कला अकादमीत प्राध्यापक होते. मीही शिकवतो, आणि त्याकडे नाइलाज म्हणून पाहत नाही. शाळेने बोलावल्यास तांब्याची तार, पत्रा आणि कानशी घेऊन हस्तकलेच्या तासाला यायला मी केव्हाही तयार आहे.