जिलेटिनशिवाय हिरवं जेलो सॅलड: माझा अनुभव

मिनिआपोलिसच्या आमच्या उपनगरात थँक्सगिव्हिंगचं जेवण गल्लीतली काही घरं मिळून करतात. नोव्हेंबर लागला की यादी फिरते. कुणी काय आणायचं ते तसं ठरलेलंच असतं, कागद आपला नावापुरता. माझ्या नावापुढे कित्येक वर्षं ‘काहीतरी तिखट’ एवढंच असायचं. मग मी कधी पॅटिस न्यायचे, कधी कोबीच्या वड्या. यंदा समोरच्या घरातल्या आजींनी आपल्या नावापुढचा पदार्थ खोडला आणि माझ्या नावापुढे लिहिला: लाइम जेलो सॅलड. त्यांच्या बोटांचे सांधे आता क्रीम चीज घोटू देत नाहीत. “कार्ड देते, तू कर,” म्हणाल्या आणि यादी पुढच्या घरी पाठवून मोकळ्या झाल्या.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जेलो म्हणजे फळांच्या स्वादाची गोड जिलेटिन पूड, आणि तिचंच हे सॅलड. फिकट हिरवा, मऊ, आंबटगोड, आत अननसाचा चुरा आणि पिकॅनचे (अक्रोडासारख्या सुक्यामेव्याचे) तुकडे. चौकोनी वडी कापून लेट्यूसच्या पानावर ठेवतात आणि टर्की, बटाटा, ग्रेव्ही यांच्याच ताटात वाढतात. आपल्या पानात डावीकडची कोशिंबीर जे काम करते, तेच हा त्या खारट-तुपकट ताटात करतो. मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन या पट्ट्यात चर्चच्या तळघरातलं जेवण याच्याशिवाय पुरं होत नाही. तिकडे युटा राज्याने तर २००१ साली विधिमंडळात ठराव करून जेलोला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं.

आजींचं कार्ड अगदी सुटसुटीत होतं. ६ औंस लाइम जेलो, २ कप उकळतं पाणी, ८ औंस क्रीम चीज, अननसाच्या चुऱ्याचा २० औंसांचा डबा, ८ औंस कूल व्हिप (फेटलेल्या क्रीमसारखं तयार मिळणारं टॉपिंग), कपभर पिकॅन. ‘डब्यातला’ या शब्दाखाली दोन रेघा.

माझी अडचण पहिल्याच ओळीत होती. जेलोच्या खोक्यावर घटकांत नुसतं ‘जिलेटिन’ लिहितात, कशाचं ते लिहीत नाहीत. अमेरिकेत ते बरंचसं डुकराच्या कातड्यापासून आणि काही गुरांच्या कातड्या-हाडांपासून बनतं. आमच्या घरी अंडं चालतं, हे चालत नाही. आणि मी एकटीच नव्हते. दोन घरं सोडून राहणाऱ्या सोमाली कुटुंबानेही त्या हिरव्या ट्रेला कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. मी आजींना सरळ सांगितलं. त्या क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “मग त्याच्याशिवाय कर. पण हिरवं हवं, आणि हललं पाहिजे.”

हिरवं करायला रंगाचे दोन थेंब पुरतात. खरी परीक्षा हलण्याची होती.

आपल्याकडे जिलेटिनला पर्याय म्हटलं की चायना ग्रास आठवतं. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने लगेच सुरुवात केली, “अगं, ते उकळल्याशिवाय लागत नाही. आणि दुधात टाकू नकोस, आधी पाण्यात पार विरघळव, नाहीतर तंतू राहतात.” तिच्या वेळच्या लांब पट्ट्यांऐवजी मला एशियन दुकानात पूड मिळाली. पुडीने मोजणं सोपं जातं. पण नियम आईचेच लागू पडले. जिलेटिन गरम पाण्यात नुसतं ढवळलं तरी विरघळतं, चायना ग्रासला मात्र खळखळ उकळी हवी, आणि उकळी आल्यावरही दोन-तीन मिनिटं ढवळत राहावं लागतं.

आता असं वाटेल की जेलोच्या जागी चायना ग्रास घातलं की झालं. तसं होत नाही, आणि का होत नाही हे कळण्यातच माझा सगळा वेळ गेला. कार्डावरची कृती जिलेटिनच्या आळशीपणावर उभी आहे. जिलेटिनचं पाणी गार झालं तरी बराच वेळ पातळच राहतं. फ्रिजमध्ये ते हळूहळू अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होतं, तेव्हा त्यात फेटलेलं क्रीम हलक्या हाताने मिसळायचं आणि परत आत ठेवायचं. चायना ग्रासकडे हा मधला टप्पाच नाही. ते ३५ ते ४० अंशांच्या आसपास, म्हणजे हाताला अजून कोमट लागत असतानाच, गोठायला लागतं. कोमट असताना क्रीम घातलं तर क्रीम वितळतं. गार होण्याची वाट पाहिली तर पातेल्यात वडी तयार. आणि फ्रिजमधलं क्रीम चीज त्यात घातलं तर जिथे स्पर्श होईल तिथे लगेच कणी धरते. एका वाटीपुरतं मुद्दाम करून पाहिलं होतं, त्यात हे सगळं एकामागून एक बघायला मिळालं.

उलट मार्गही पाहिला: क्रीम चीज आणि साय डबल बॉयलरवर कोमट करून त्यात उकळतं चायना ग्रास ओतायचं. वडी सुरेख पडते. सुरीने कापावी, ताटात उभी राहावी. पण ती हलत नाही, चमचा लावला की तुटते. जिलेटिन साधारण ३५ अंशांना, म्हणजे तोंडात गेल्या गेल्या विरघळतं, म्हणून ते लुसलुशीत वाटतं. चायना ग्रास वितळायला ८५ अंश तरी लागतात, तोंडात ते कसं वितळणार? (याच गुणामुळे नागपूरच्या मे महिन्यातही चायना ग्रासचं पुडिंग टेबलावर उभं राहतं. जिलेटिनचं तिथे सरबत होईल.)

शेवटी जमलं ते असं: आधी सेट होऊ द्यायचं आणि मग मोडायचं. गोठलेलं चायना ग्रास मिक्सरमधून काढलं की गुळगुळीत, दाट, थंडगार लापशी होते. ती परत गोठत नाही, म्हणून घाई नसते, आणि थंड असल्यामुळे क्रीमही वितळत नाही.

प्रमाण असं. अननसाचा डबा गाळून रस बाजूला काढला, चोथा दाबून दाबून अगदी कोरडा केला. रसात पाणी घालून अडीच कप केलं. त्यात दोन छोटे सपाट चमचे चायना ग्रासची पूड आणि पाऊण कप साखर घालून उकळलं. साखर एवढी कशाला, असं वाटलं होतं, पण जेलोचं पाकीट उलटं करून वाचलं तर त्यात मुख्यतः साखरच असते. तीन लिंबांचा रस मात्र गॅस बंद केल्यावर घातला. आंबटाबरोबर उकळत ठेवलं तर चायना ग्रासची पकड ढिली पडते. लिंबाची साल किसून घातली, हिरवा रंग घातला, ताटलीत ओतलं. फ्रिजची गरजच नाही, ओट्यावरच गोठतं.

मग यातलं दोन तृतीयांश मिक्सरमध्ये, खोलीच्या तापमानाला आलेल्या ८ औंस क्रीम चीजबरोबर. उरलेल्या एक तृतीयांशाचे हरभऱ्याएवढे चौकोनी तुकडे केले, ते आजींच्या ‘हललं पाहिजे’साठी. दीड कप हेवी क्रीम घट्ट फेटलं. कूल व्हिप मला तोंडाला चिकट लागतं, पण ज्यांना चालतं त्यांनी खुशाल घालावं, त्यात जिलेटिन नसतं. लहान मार्शमॅलो घालायचा मोह होतो तो टाळा, त्यात असतंच. सगळं हलक्या हाताने एकत्र केलं, अननस आणि पिकॅन घातले, ९ बाय १३ च्या काचेच्या ट्रेमध्ये पसरलं.

अननसाचं थोडं सांगायलाच हवं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन म्हणजे प्रथिनच, त्यामुळे ताजा अननस घातला की जेलो धरतच नाही. किवी आणि पपईचंही तेच. डब्यातला अननस तापवलेला असतो, एन्झाइम मेलेलं असतं, म्हणून आजींच्या त्या दोन रेघा. चायना ग्रास समुद्री शेवाळातून येतं, त्यात तोडायला प्रथिन नाही, म्हणजे ताजा अननस चालायला हवा. मीही कॉस्टकोतून अख्खं फळ आणलं होतं. पण चायना ग्रासला धक्का लागला नाही तरी क्रीम आणि चीजमध्ये दुधाची प्रथिनं आहेतच. ताजा अननस त्यांना लागला की तासा-दोन तासांत कडवटपणा येतो. तेव्हा डबाच बरा, नाहीतर फोडी साखर घालून आधी शिजवून घ्या.

आजी ओट्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्या आईच्या कृतीत सेलरीही असायची, म्हणाल्या. त्याला जुनी परंपरा आहे: १९०५ साली न्यू कॅसल, पेनसिल्व्हेनियाच्या एका बाईंनी कोबी आणि सेलरी घालून जिलेटिनचं ‘परफेक्शन सॅलड’ केलं, स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळवलं आणि मग भाज्या गोठवण्याची लाटच आली. त्याआधी, १८९७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या लीरॉय गावात खोकल्याचं औषध विकणाऱ्या पर्ल वेटने फळांच्या स्वादाची जिलेटिन पूड बनवली, त्याच्या बायकोने तिला जेलो नाव दिलं, आणि दोनच वर्षांत त्याने तो सगळा धंदा गावातल्याच ऑरेटर वुडवर्डला ४५० डॉलर्सला विकून टाकला. लाइमचा स्वाद १९३० मध्ये आला. सेलरी मी घातली नाही. परंपरेचा आदर करावा, पण त्यालाही मर्यादा असते.

ट्रे रात्रभर गॅरेजमध्ये ठेवला. नोव्हेंबरच्या शेवटी इथे गॅरेज हाच दुसरा फ्रिज असतो. याच्या वड्या पडत नाहीत हे आधीच माहीत होतं, म्हणून आइस्क्रीमच्या डावाने गोळे काढून लेट्यूसवर ठेवले. गोळ्यातून डोकावणारे हिरवे तुकडे ताट सरकवलं की थरथरत होते. सोमाली घरातल्या मुलीने “यात काय आहे?” विचारलं. मी एक-एक घटक सांगितला, तिने आईला सांगितला, आणि ट्रेचा तो कोपरा पहिल्यांदा रिकामा झाला. आजींनी एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला. “नॉट टू बॅड.” मिनेसोटात याहून वरचा शेरा मी तरी ऐकलेला नाही.

हे वाढलं त्याच दिवशी संपवावं. मोडलेलं चायना ग्रास त्यानंतर पाणी सोडतं, ट्रेच्या तळाशी हिरवं तळं साचतं. उरलेलं मी दुधात घालून मिल्कशेक केला.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात होणारा मँगो पाय हा याचाच जवळचा नातेवाईक: आंब्याचा रस, क्रीम चीज, कूल व्हिप, ग्रॅहम क्रॅकर बिस्किटांचा तळ, आणि बऱ्याच घरांत गुपचूप जिलेटिनचं पाकीट. तिथे हीच पद्धत चालते. दोन छोटे चमचे पूड दोन कप पाण्यात उकळून गोठवा, मग ८५० ग्रॅमच्या हापूस रसाच्या डब्याबरोबर मिक्सरमधून काढा. यात अननस नसल्यामुळे पाणी कमी सुटतं. साखर मात्र चाखून घाला, डब्यातला रस आधीच गोड असतो.