बाईंचे तीन रकाने

शाळेच्या स्मरणिकेसाठी समितीने विषय दिला आहे ‘परदेशातील माझी वाटचाल’. ती चार ओळींत आटोपते. दहावीनंतर सांगलीला स्थापत्य अभियांत्रिकी, मग अमेरिकेत पुढचं शिक्षण, आणि 1990च्या दशकात बोस्टन शहराच्या पोटातून महामार्ग नेण्याच्या ‘बिग डिग’ या कामावर नोकरी. व्यवसायाचा परवाना मिळाला, घर झालं, मुलं मार्गी लागली, आता निवृत्त आहे. उरलेली जागा मी बाईंसाठी वापरणार आहे. कात्री लावायचीच असेल तर समितीने ती वरच्या ओळींना लावावी.

कोणत्या बाई, हे ‘ब’ तुकडीला सांगायला नको. इतिहासाच्या. स्वतःचा खडूचा डबा घरून आणणाऱ्या, आणि हजेरी घेताना मान वर न करता कोण बोलतंय ते ओळखणाऱ्या.

आठवीच्या पावसाळ्यात एकदा गणिताचे सर आले नाहीत आणि तो तास बाईंकडे गेला. बाहेर पाऊस, पत्र्यावर आवाज, शिकण्याची कोणाची तयारी नाही. कुठून तरी भुयाराचा विषय निघाला. आपल्या गावात वाढलेल्या कोणाला ते भुयार ठाऊक नाही? किल्ल्यावर सुरू होऊन थेट राजवाड्यात निघणारं. त्यात सोडलेली शेळी म्हणे तिसऱ्या दिवशी या टोकाला बाहेर आली, पण आंधळी होऊन. एकाच्या मामांची बॅटरी आत पाऊल टाकताच विझली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फळ्यावर तीन रकाने आखले : ‘स्वतः पाहिलं’, ‘पाहिलेल्याने सांगितलं’, ‘लोक म्हणतात’. मग एकेकाला उभं केलं. “तू पाहिलंस? नाही. मामांनी पाहिलं? त्यांना विचारून ये.” शेळीचा माग काढत काढत गोष्ट शिपाईमामांपर्यंत पोचली, तेव्हा बाईंनी त्यांनाही वर्गात बोलावलं. मामा दारात उभे राहून म्हणाले, “मी कुठलं बघतोय बाई, आमचा म्हातारा सांगायचा.” पहिला रकाना कोरा, दुसरा कोरा, तिसऱ्यात जागा पुरेना. पुढच्या बाकावरचा एक जण डस्टर घेऊन उठला. बाईंनी त्याला थांबवलं. “पुसू नकोस. लोक काय म्हणतात तेही इतिहासात येतं. फक्त त्याला रकाना बदलू द्यायचा नाही.”

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्हाला घेऊन किल्ल्यावर गेल्या. ज्याला सगळे भुयाराचं तोंड म्हणत तिथे झुडपं बाजूला करून काठी घातली. दोन पुरुष खोलीवर ती ओल्या खडकाला लागली. पाण्याचं बुजलेलं टाकं होतं ते. आमची तोंडं उतरली आणि बाई मात्र खुशीत होत्या. “अरे, टाकं सापडलं की! पहिल्या रकान्यात लिहा.” तो आनंद कशाचा होता हे मला बोस्टनला गेल्यावर कळलं.

आमच्या कामाच्या हद्दीला लागूनच ‘नॉर्थ एंड’ ही वस्ती होती. बोस्टनमधली सर्वांत जुनी, आणि 1880नंतर हळूहळू सगळीच इटालियन झालेली. त्याआधी तिथे आयरिश होते. राष्ट्राध्यक्ष केनेडींची आई रोझ 1890 मध्ये तिथेच जन्मली. चालत अर्ध्या तासात पालथी घालता येईल एवढ्या जागेत 1930च्या सुमारास चाळीस हजारांहून जास्त माणसं राहत होती. गावच्या गाव उचलून आणल्यासारखी गल्ली वसलेली : या गल्लीत सिसिलीचे कोळी, त्या गल्लीत आव्हेलिनोचे. प्रत्येकाचा देव वेगळा आणि उत्सव वेगळा. सिसिलीच्या शाक्का गावाहून आलेल्या कोळ्यांचा उत्सव 1910पासून चालू आहे. मॅडोनाची, म्हणजे येशूच्या आईची, मिरवणूक निघते, लोक मूर्तीला डॉलरच्या नोटा टाचतात, आणि शेवटी देवदूताच्या वेशातली लहान मुलगी दोरावरून रस्त्याच्या वर अधांतरी येते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाच जीव खालीवर झाला. या वस्तीच्या आणि शहराच्या मधून 1950च्या दशकात उंच खांबांवरचा सहापदरी महामार्ग गेला होता. तो पाडून जमिनीखाली नेणं हेच आमचं काम.

दुपारच्या सुटीत मी केस कापायला म्हणून एका म्हाताऱ्या न्हाव्याकडे गेलो आणि पुढची कित्येक वर्षं जात राहिलो. केस असोत नसोत. मी बोगदा खणतो हे कळताच त्याने वस्तरा थांबवला. “तुम्ही काय नवीन करताय? इथे आधीपासूनच भुयारं आहेत.” दारूबंदीच्या काळात, म्हणजे 1920 ते 1933, बंदरावरून पिंपं त्यातूनच येत असत म्हणे. आणि त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, ग्रूची नावाच्या एका कप्तानाचा चोरटा माल. मला खुर्चीतच हसू फुटलं. फक्त शेळी तेवढी राहिली होती.

त्या रात्री मी बाईंना पत्र लिहिलं. उत्तर तीन आठवड्यांनी आलं, अर्ध्या पानाचं. कप्तान खरा होता का? असल्यास कागद कुठे आहे? मी शोधू लागलो. कप्तान खरा निघाला. फ्रेंच जहाजावरून लुटलेल्या लाकडी देवदूतांच्या चार मूर्ती त्याने 1746 मध्ये तिथल्या ओल्ड नॉर्थ चर्चला दिल्या, त्या आजही तिथे आहेत. मूर्ती मी पाहिल्या, पहिला रकाना. भुयार तिसऱ्यात. आमच्या खोदकामाआधी पुरातत्त्ववाल्यांनी क्रॉस स्ट्रीटजवळ सतराव्या शतकातल्या एका शौचकूपाचा खड्डा उकरला, त्यात खेळायचा लाकडी चेंडू मिळाला. उत्तर अमेरिकेत सापडलेला बोलिंगचा सर्वांत जुना चेंडू तो. बाईंना कळवलं तेव्हा त्यांचं पत्र पहिल्यांदाच दोन पानांचं आलं. प्युरिटन या कडक धर्मनिष्ठ ख्रिस्ती पंथाच्या लोकांना खेळायला बंदी होती ना, मग हा कोणाचा, असा प्रश्न होता.

आता ज्या गोष्टींसाठी पर्यटक तिथे गर्दी करतात त्या : माफिया. प्रिन्स स्ट्रीटवर 98 क्रमांकाच्या घरात जेनारो अँज्युलो याची बैठक होती. प्रॉव्हिडन्स शहरातल्या पॅट्रियार्का टोळीचा बोस्टनमधला तो मुख्य माणूस, तिथल्याच गल्लीत वाढलेला. धंदा जुगाराचा आणि सावकारीचा. जुगार म्हणजे आपला आकडा : घोड्यांच्या शर्यतीवरच्या रकमांतून तीन आकडे निघायचे आणि गल्लीतल्या बायाबापड्या त्यांवर चिल्लर लावायच्या. (आपल्याकडचा मटकाही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावावर चालायचा, हे तिथे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.)

न्हावी म्हणायचा, “जेरीच्या (म्हणजे जेनारोच्या) वेळी इथे कोणी दाराला कुलूप लावत नसे. म्हातारी बाई रात्री दोन वाजता एकटी जायची.” हे मी त्या वस्तीत इतक्यांकडून ऐकलं की खरं वाटू लागलं. बाईंनी विचारलं : कुलूप न लावणाऱ्याने सांगितलं, की कर्ज घेतलेल्याने? पत्रातलं हे वाक्य मला अजून पाठ आहे. कारण दुसऱ्या बाजूचा पुरावा माणसाच्या आवाजात उपलब्ध होता. जानेवारी 1981 मध्ये एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या लोकांनी रात्री त्या घरात शिरून छुपे ध्वनिग्राहक बसवले आणि काही महिने अँज्युलो बंधू काय बोलतात ते टिपून घेतलं. व्याज थकवणाऱ्यांचं काय करायचं, साक्षीदाराचं काय करायचं, सगळं त्यांच्याच तोंडून. सप्टेंबर 1983 मध्ये जेनारोला त्याच वस्तीतल्या हॉटेलात जेवताना पकडलं. ‘ताटातले पोर्क चॉप्स गार व्हायच्या आत परत येतो,’ असं तो उठताना म्हणाला, ही गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो. 1986 मध्ये पंचेचाळीस वर्षांची शिक्षा झाली. तो परत आला तो 2007 मध्ये, आणि 2009 मध्ये नव्वदाव्या वर्षी गेला. सेंट लेनर्ड चर्चमधल्या अंत्यविधीच्या दिवशी मी फुटपाथवर उभा होतो. फुलं अतोनात होती. शेजारची एक आजी डोळे पुसत होती, आणि तिच्या पलीकडचा माणूस तोंड फिरवून उभा होता. दोघंही मी पाहिले. दोघांनाही विचारायचं धाडस झालं नाही. बाईंनी विचारलं असतं.

त्याच प्रिन्स स्ट्रीटच्या पाण्याकडच्या टोकाला रोकड ने-आण करणाऱ्या ब्रिंक्स कंपनीची कचेरी होती. 17 जानेवारी 1950ला मुखवटे घातलेल्या लोकांनी तिथून बारा लाख डॉलरहून जास्त रोकड आणि त्याहूनही जास्त किमतीचे चेक-रोखे पळवले. कुलपांचे गाभे आधीच काढून नेऊन त्यांनी किल्ल्या बनवून घेतल्या होत्या! इंजिनियर म्हणून मला या तयारीचं कौतुक वाटतं, हे छापलं तरी चालेल. सहा वर्षांनी, खटल्याची मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना, टोळीतलाच एक जण बोलला. अकरा जण होते. त्यांना वस्तीतले लोक सरसकट माफियाच्या खात्यात घालतात; त्यांत आयरिशही होते आणि ही माफियाची कामगिरी नव्हती. पैशांपैकी अठ्ठावन्न हजारांच्या आसपासच हाती लागले. उरलेले अमक्याच्या भिंतीत आहेत, असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक कॉफीच्या दुकानात बसलेला असतो.

रकाना बदलला तर काय होतं, ते मात्र मळीच्या टाकीने दाखवलं. आपल्या साखर कारखान्यांच्या भागात मळी काय असते हे सांगायला नको. कमर्शियल स्ट्रीटवर पन्नास फूट उंचीची टाकी होती, मद्यार्कासाठी मळी साठवण्याची. 15 जानेवारी 1919ला ती फुटली. तेवीस लाख गॅलन मळीची लाट रस्त्यावर आली, एकवीस माणसं मेली, दीडशे जखमी झाली. मालक कंपनीने सांगितलं, इटालियन अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला. तेव्हा इटालियनांबद्दल काहीही खपत होतं. पुढच्याच वर्षी साको आणि व्हान्झेटी हे दोन इटालियन अराजकवादी खुनाच्या आरोपावरून पकडले गेले, 1927 मध्ये त्यांना विजेच्या खुर्चीत बसवलं, आणि तो खटला न्याय्य नव्हता हे राज्यपालांनी 1977 मध्ये जाहीर केलं. टाकीच्या दाव्यात मात्र साक्षी नीट तपासल्या गेल्या. वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या आणि न्यायालयाने नेमलेल्या तपासनिसाने बॉम्बची गोष्ट फेटाळली. पत्रा गरजेपेक्षा पातळ होता. टाकी पहिल्यापासून गळत होती, इतकी की गल्लीतली पोरं डबे घेऊन यायची. कंपनीने काय केलं, तर गळती दिसू नये म्हणून टाकीला तपकिरी रंग दिला. आमच्या कार्यालयात नव्याने येणाऱ्या पोरांना मी ही हकीकत पहिल्याच आठवड्यात सांगत असे आणि फळ्यावर तीन रकाने आखत असे. बांधकामावरच्या प्रत्येक अहवालात ‘मोजलं’, ‘मोजणाऱ्याने कळवलं’ आणि ‘गृहीत’ हे वेगळं दाखवायची सवय माझ्या हाताखालच्यांना लागली ती अशी. त्याबद्दल मला एकदा पुरस्कारही मिळाला. त्यावर नाव बाईंचं असायला हवं होतं.

2003 मध्ये आमचे दोन्ही बाजूंचे बोगदे सुरू झाले, मग वरचा लोखंडी महामार्ग पाडला. आता तिथे बागा आहेत आणि नॉर्थ एंडला पुन्हा ऊन लागतं. पण ऊन आलं तशी भाडीही वाढली. न्हाव्याचं दुकान गेलं. म्हाताऱ्यांची मुलं आधीच उपनगरांत गेली होती. कानोलीच्या मिठाईसाठी लांबच लांब रांग असते आणि रांगेत इटालियन बोलणारं कोणी सापडत नाही. हा बदल आम्हीच घडवला, हेही पहिल्या रकान्यात.

बाई गेल्याचं मला उशिरा कळलं. गेल्या खेपेला शाळेत आलो तेव्हा नकाशांची खोली दिसली नाही. तिथे संगणक आहेत. संगणक हवेतच. पण शिवकाळाचे ते कापडी नकाशे, बाईंच्या हाताच्या खुणा असलेले, कुठल्या माळ्यावर आहेत हे एकालाही सांगता आलं नाही. समितीने शोधावेत. ते सापडले तर जतनाचा खर्च मी देतो. पत्र सोबत जोडलं आहे.

किल्ल्यावरच्या त्या शनिवारी काढलेला गटफोटोही पाठवतो आहे. माझ्या फोटोऐवजी हा छापावा. नावं लिहिली आहेत. पडताळून घेतली आहेत. मागच्या रांगेत कडेला काठी धरून उभा असलेला मुलगा कोण, यावर मात्र आम्हा तिघांची तीन मतं आहेत. तो स्मरणिका वाचत असेल तर त्याने स्वतःच कळवावं.