तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला डेंटलला घालायचंय, आतापासून काय करून घेऊ?

बार्शीत दवाखाना चालवताना हा प्रश्न मला पेशंट विचारतात, शाळेतले शिक्षक विचारतात, भाजी घेताना भेटलेले पालकही विचारतात. "मॅडम, पोरगी दहावीला आहे. एमबीबीएसला लागली तर चांगलंच, नाही लागली तर डेंटलला घालू. आत्तापासून काय तयारी करून घ्यायची?"

कोणता क्लास लावावा हे मी सांगत नाही. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि त्यासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पक्कं हवं, हे त्या मुलीला आधीच माहीत असतं. मला काळजी वाटते ती वेगळीच. बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या पदवीची, चार वर्षं शिकण्यात जातात, पाचवं इंटर्नशिपमध्ये, आणि त्यानंतर सगळं आयुष्य याच कामात. ते काम तिनं जवळून एकदाही बघितलेलं नसतं. दातांचा दवाखाना तिला माहीत असतो तो फक्त पेशंट म्हणून, तोंड उघडून, डोळे घट्ट मिटून. नववी ते बारावीच्या दरम्यान तिला खुर्चीच्या या बाजूला काही दिवस उभं करा. माझ्या मते तयारीची सुरुवात इथून होते.

मे महिन्यात माझ्याकडे अशी काही मुलं येतात. पेशंटला हात लावायचा नाही, आणि पेशंटनं परवानगी दिली तरच आत थांबायचं, एवढे नियम पहिल्याच दिवशी सांगते. मग त्यांना नेते हत्यारं धुवायच्या सिंकजवळ. वापरलेलं हत्यार आधी घासून स्वच्छ करायचं, पाकिटात बंद करायचं, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या यंत्रात, दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत निदान १५ मिनिटं ठेवायचं. सुई कुठे टाकायची, रक्ताचा कापूस कुठल्या रंगाच्या पिशवीत जातो, हेही तिथेच कळतं. काही मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. ज्यांना वाटत नाही, त्यांच्याकडे मी जरा जास्त लक्ष देते.

दुसरी गोष्ट हाताची. बीडीएसला गेल्यावर सुरुवातीलाच मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. दाढेचे उंचवटे, त्यांच्यामधल्या खाचा, मुळांचा कल, सगळं मापात यावं लागतं. बारावीपर्यंत फक्त पर्याय निवडून गोल काळे केलेल्या मुलांची तिथे फार तारांबळ होते. म्हणून मी घरी साबणाच्या वडीतून दाढ कोरायला सांगते. आणखी एक सराव देते: आरसा समोर धरायचा, वहीकडे थेट बघायचं नाही, आरशात बघत चौकोन काढायचा. वरच्या मागच्या दाढांचं काम आम्ही बहुतेक वेळा आरशातच बघून करतो. डावं-उजवं, पुढं-मागं ओळखताना सुरुवातीला मेंदू गोंधळतो, पण सरावानं हात वळतो. चित्रकला, रांगोळी, शिवणकाम, घड्याळ उघडून बघायची आवड, यांना दहावीत "वेळ वाया" म्हणून बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मग दात मोजायला लावते. दुधाचे २०, कायमचे ३२, आणि प्रत्येकाला नंबर. नंबरातला पहिला आकडा तोंडाचा कोणता चतुर्थांश ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते; म्हणून खाली डावीकडची पहिली कायमची दाढ म्हणजे ३६. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येते. तिच्या जागचा कुठलाच दात आधी पडलेला नसतो, त्यामुळे आई-वडिलांना ती दुधाची वाटते आणि किडली तरी "पडणारच आहे" म्हणून राहून जाते. हे कळल्यावर मुलं घरी जाऊन धाकट्या भावंडांची तोंडं उघडून बघतात. दवाखान्यात कधी न आलेल्या कितीतरी दाढा अशा वेळेवर सापडल्या आहेत.

आमच्या भागात आणखी एक विषय टाळताच येत नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे भागातल्या कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवणं, १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. मावा, मिश्री, गुटखा घरोघरी आहे. सुपारी खाऊन खाऊन गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ही साधी तपासणी मी प्रत्येक मुलाला शिकवते. एका अकरावीच्या मुलानं ती घरी काकांवर करून बघितली. दोनच बोटं गेली. दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊनच आला. तोंडातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम, याबद्दल घरातल्या मोठ्या माणसाशी न घाबरवता कसं बोलायचं, हे शिकायला बीडीएसची पदवी लागत नाही.

पालकांना सहसा कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट इथे सांगते. या क्षेत्रात यायला बीडीएस हा एकच रस्ता नाही. बारावी विज्ञाननंतर डेंटल मेकॅनिक आणि डेंटल हायजिनिस्ट असे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातही या दोघांच्या नोंदणीची तरतूद होती. कवळ्या, कॅप, ब्रिज लॅबमध्ये घडवणारा मेकॅनिक चांगला नसेल, तर माझं कामही चांगलं होत नाही. हात कसबी आणि नीटचे गुण कमी, अशा मुलानं हा रस्ता कमीपणाचा मानू नये.

पैशाचंही आधीच बोला. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर, इथल्या जागा थोड्या आहेत. खासगीची फी मोठी, नंतर एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, करायचं तर आणखी तीन वर्षं, आणि दवाखाना टाकायचा तर खुर्चीपासून एक्स-रेपर्यंत खर्च. नुकतंच बीडीएस झालेल्या कुणाला तरी भेटा आणि पहिली दोन-तीन वर्षं कशी गेली ते विचारा. माझ्यासारख्या जुन्या माणसाचं उत्तर तिथे अपुरं पडतं.

आठवडाभर बघून "हे मला नको" म्हणणारी मुलंही असतात. त्यांच्या पालकांना वाईट वाटतं, मला मात्र हायसं वाटतं. तेव्हा सुट्टी लागण्याआधी तुमच्या गावातल्या डेंटिस्टला विचारून ठेवा. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का ते बघा, पायात बंद बूट घाला, केस बांधा, सोबत वही द्या. बार्शीच्या आसपासचे असाल तर माझ्याकडे पाठवा. सकाळी पेशंट यायच्या आधी या, म्हणजे ऑटोक्लेव्ह लावण्यापासून बघता येईल.