तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या मोटरबोटीचा आकार, आजचे आराखडे

जुन्या लाकडी मोटरबोटीचा फोटो पुढे ठेवून हा प्रश्न नेहमी विचारला जातो. लांब पुढचा डेक, वार्निशखाली चमकणारं महोगनी, मागे पिंपासारखा गोलावलेला भाग, आणि मग: "हीच होडी प्लायवूड आणि इपॉक्सीत बांधायची आहे. आजचे आराखडे कुठे मिळतील?"

नेमक्या त्याच होडीचे, आजच्या पद्धतीने पुन्हा काढलेले आराखडे बहुतेक वेळा मिळत नाहीत. तिच्यासारख्या दुसऱ्या होडीचे मात्र मिळतात, आणि बांधणारा पहिल्यांदाच होडी बांधत असेल तर त्याने तेच घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून शोध सुरू करण्याआधी एक ठरवा: तुम्हाला आवडलंय ते पाण्यावर दिसणारं रूप, की पाण्याखालचा तळ? रूपच आवडलं असेल, तर आतल्या बाजूला झुकणाऱ्या बाजू, वाकवलेला डेक, दोन कॉकपिट (बसायच्या खोलगट जागा) हे सगळं आजच्या तळावरही बसवता येतं. तळच हवा असेल तर मामला वेगळा आहे.

जुन्या तळाचं वागणं आधी समजून घ्या. त्या काळच्या बऱ्याच व्ही-तळाच्या होड्यांचा तळ पुढे खोल व्ही असतो आणि मागे ट्रान्समपर्यंत, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीपर्यंत, येता येता जवळजवळ सपाट होतो. म्हणजे पूर्ण तळाला पीळ असतो. शांत तळ्यात अशी होडी कमी ताकदीत सुरेख पळते. लाटांत तिचा तळ आपटतो आणि मागून लाट आली की ती भरकटते. अमेरिकी होडी-डिझायनर रे हंट यांनी सुमारे २४ अंशांचा व्ही थेट ट्रान्समपर्यंत नेला. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत त्या पद्धतीच्या 'मॉपी' या होडीने बाजी मारली आणि पुढे उघड्या पाण्यावरच्या वेगवान होड्यांचे तळ बदलले. तुमचं पाणी उघडं आणि खडबडीत असेल तर १९३० च्या दशकातला तळ जसाच्या तसा बांधण्याचा हट्ट धरू नका.

शोधताना मॉडेलच्या नावापेक्षा डिझायनरचं नाव, साल, लांबी आणि रुंदी हाताशी ठेवा. एकाच हलला, म्हणजे होडीच्या मूळ अंगाला, वेगवेगळ्या वर्षी वेगळी नावं मिळालेली असतात, आणि एका नावाखाली तीन वेगळ्या लांबीच्या होड्या निघालेल्या असतात. सगळ्यात आधी घरी बांधणाऱ्यांसाठी आराखडे विकणाऱ्यांकडे पाहा. कॅलिफोर्नियात १९५३ साली सुरू झालेल्या ग्लेन-एलच्या यादीत जुन्या घाटाच्या रनअबाउट (छोट्या वेगवान मोटरबोटी) आहेत, त्यांच्या फ्रेमचे, म्हणजे आडव्या सांगाड्यांचे, पूर्ण मापाचे कागदी नमुने मिळतात. तिथे जमलं नाही तर संग्रहालयं. लाकडी मोटरबोटी बनवणाऱ्या क्रिस-क्राफ्ट कंपनीचे मूळ दस्तऐवज व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. कनेक्टिकटच्या मिस्टिक सीपोर्टमध्ये जहाजांच्या नकाशांचा मोठा संग्रह आहे, आणि एमआयटी म्युझियमचा हार्ट नॉटिकल संग्रहही पाहण्यासारखा. तिसरी जागा जुनी मासिकं: पॉप्युलर मेकॅनिक्स आणि पॉप्युलर सायन्सचे जुने अंक गूगल बुक्सवर वाचता येतात, आणि त्यांत बांधणीसकट छापलेल्या मोटरबोटी आहेत.

हक्कांचं आधीच पाहून घ्या. अमेरिकेत १९७८ पूर्वी छापलेल्या कामाचा कॉपीराइट हक्क जास्तीत जास्त ९५ वर्षं टिकतो. जुन्या अंकांपैकी अनेकांच्या हक्काचं नूतनीकरण झालं नव्हतं, पण ते तपासल्याशिवाय गृहीत धरू नये. विकत घेतलेल्या आराखड्यावर बहुधा एकच होडी बांधायची परवानगी असते. संग्रहालयाने दिलेली प्रत ही बांधायची परवानगी आहे असंही समजू नका, लेखी विचारा.

हातात काय आलंय यावर पुढचं सगळं ठरतं. संग्रहालयातून बहुधा लाइन्स ड्रॉइंग, म्हणजे होडीच्या आकाराच्या रेषांचं चित्र, येतं, नशीब असेल तर सोबत ऑफसेटचा तक्ता (त्या रेषांची आकड्यांतली मापं) आणि लाकडांच्या मापांची यादी. यातून आकार कळतो. बांधणी कळत नाही. बांधता येईल अशा आराखड्यात पूर्ण मापाच्या फ्रेम, फ्रेमच्या कडांचे कोन, तळाची जाडी, स्ट्रिंगरची (तळाच्या लांब आधारपट्ट्यांची) मापं, सांध्यांचे तपशील, प्लायवूडच्या किती शीट लागतील आणि इंजिन किती वजनापर्यंत चालेल, हे असायला हवं. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: या आराखड्यावरून होडी बांधली गेली आहे का, ती तरंगताना बाजूने काढलेला फोटो आहे का, आणि त्या होडीत किती किलोचं इंजिन होतं. फक्त चित्र दाखवणाऱ्याकडून काही घेऊ नका.

जुना ऑफसेट तक्ता फूट, इंच आणि इंचाचे आठवे भाग असा लिहिलेला असतो. २-३-५ म्हणजे दोन फूट, तीन आणि पाच अष्टमांश इंच, म्हणजे ७०१.७ मिमी. आकड्यापुढे अधिकचं चिन्ह असेल तर आणखी एक सोळांश इंच. त्याहून महत्त्वाचं: ही मापं फळ्यांच्या बाहेरच्या पृष्ठाची आहेत की आतल्या, हे शोधा. बाहेरची असतील तर फ्रेम कापताना फळीची जाडी वजा करावी लागते, आणि ती पृष्ठाला काटकोनात. सरळ आडवी वजा केली तर पुढच्या भागात फसगत होते. जिथे १२ मिमीचं आवरण फ्रेमला ४५ अंशात भेटतं तिथे आडवी जाडी १७ मिमी भरते. पाच मिलिमीटरचा हा फरक प्रत्येक पुढच्या फ्रेमवर वेगळा येतो, आणि बॅटन (लवचीक लाकडी पट्टी) टेकवल्यावर खड्डे-उंचवटे दिसू लागतात.

स्कॅन केलेल्या कागदावर फूटपट्टी लावून मापं घेऊ नका. जुना कागद लांबीत आणि रुंदीत वेगवेगळा आकसतो. चित्रावर लिहिलेली एकूण लांबी आणि रुंदी स्केलने मोजून पाहा, दोन्हींचं गुणोत्तर वेगळं आलं तर आधी ते दुरुस्त करा. मग मापं डेल्फ्टशिपसारख्या होडी आखायच्या प्रोग्रॅममध्ये घाला किंवा जमिनीवर पूर्ण मापात काढा. जमिनीवर लांब, न अडखळणारी लाकडी बॅटन जे सांगते ते स्क्रीनवर सहज निसटतं, म्हणून निदान चाईन (तळ आणि बाजू जुळतात ती कड) आणि शिअर (बाजूची वरची कड) यांच्या रेषा तरी पूर्ण मापात काढून पाहाव्यात. प्रत्यक्ष जुन्या होडीवरून मापं घेत असाल तर त्याआधी कीलखाली (तळाच्या मधल्या कण्याखाली) सुतळी ताणा. वर्षानुवर्षं दोन टेकूंवर ठेवलेल्या होडीची कील वाकलेली असते, आणि तो बाक नव्या होडीत उतरला की वेगात ती पुढून दबते किंवा डुचमळते. तळाचा मागचा एक तृतीयांश भाग लांबीच्या दिशेने सरळ असायला हवा. तिथे खाली वळलेली कड पुढचं टोक दाबते, वर उचललेली कड मागचा भाग बसवते.

आता प्लायवूड. प्लायवूड एका दिशेनेच वाकतं. जुनी होडी अरुंद फळ्यांची असल्यामुळे तिच्या तळाला दोन्ही दिशांनी गोलाई देता येत असे. तळ प्लायवूडचा होईल का, याची परीक्षा स्वस्त आहे: १:१० मापाच्या फ्रेम कापा, त्यांवर पातळ पुठ्ठा टेकवा. पुठ्ठा सुरकुतला किंवा फ्रेमपासून सुटून राहिला तर प्लायवूडही तेच करेल, आणि क्लॅम्प कितीही आवळले तरी ते तडकेल. अशा वेळी पुढच्या भागात ३ मिमीचे पट्टे तिरपे, एकमेकांना छेदत, तीन-चार थरांत इपॉक्सीने चिकटवायचे. मागच्या सरळ भागात पूर्ण शीट चालते. पाच-सहा मीटरच्या होडीच्या तळाला एकूण ९ ते १२ मिमी जाडी सर्वसाधारण धरतात, पण शेवटचा आकडा वेग, फ्रेममधलं अंतर आणि वजन यांवरून काढायचा असतो. आयएसओ १२२१५ हे छोट्या होड्यांच्या हलच्या मजबुतीचं मानक त्यासाठीच आहे. शीट जोडताना तिरका सांधा जाडीच्या आठपट लांब हवा: ९ मिमीला ७२ मिमी. प्लायवूड बीएस १०८८ (मरीन प्लायवूडचं ब्रिटिश मानक) दर्जाचं घ्या. साधं प्लायवूड आत पोकळ्या घेऊन येतं, आणि ते कळतं तळ तडकल्यावर.

सगळ्यात जास्त होड्या इंजिनामुळे बिघडतात. जुना तळ होडीच्या मध्याजवळ बसवलेल्या जड इनबोर्डसाठी (होडीच्या आतल्या इंजिनासाठी) आखलेला असतो. समजा हल, माणसं आणि सामान मिळून ७०० किलो, त्यांचं केंद्र ट्रान्समपासून २.५ मीटर पुढे, आणि ३०० किलोचं इंजिन २.२ मीटरवर. एकूण केंद्र येतं २.४१ मीटरवर. त्याजागी १५० किलोचं आउटबोर्ड (बाहेर टांगायचं इंजिन) ट्रान्समच्या २५ सेंमी मागे टांगलं की केंद्र २.०१ मीटरवर जातं. होडी हलकी झाली, पण केंद्र ४० सेंमी मागे सरकलं. अरुंद, गोलावलेल्या मागच्या भागात ते पेलायची उचल नसते. उभी असताना ट्रान्सम बुडतो आणि वेगात पुढचं टोक वरखाली उड्या मारतं. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढे नेऊन थोडं सावरतं, पण डिझायनरने मागचा भाग बदलून देणं हाच खरा इलाज.

आउटबोर्डसाठीच आखलेली १९५० च्या दशकातली होडी असली तरी हिशोब चुकतोच. तेव्हाचं ३५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक सुमारे ६० किलोचं होतं, आजचं ४० चं फोर-स्ट्रोक १०० किलोच्या घरात जातं. शिवाय जुना ट्रान्सम १५ इंची शाफ्टसाठी (इंजिनाच्या खाली उतरणाऱ्या पायासाठी) कापलेला, आणि आजची मोठी इंजिनं बहुधा २० इंची. ट्रान्सम उंच करायचा तर त्याची जाडी आणि स्ट्रिंगरला जोडणारे गुडघेही (कोनातले आधार) नव्याने काढावे लागतात.

ताकद किती हवी याचा अंदाज होडी-डिझायनर जॉर्ज क्राउच यांच्या सूत्राने येतो. १९२४ आणि १९२५ ची गोल्ड कप मोटरबोट शर्यत जिंकणारी 'बेबी बूटलेगर' यांनीच आखलेली. पाउंडातलं वजन भागिले अश्वशक्ती, त्याचं वर्गमूळ काढा आणि साधारण रनअबाउटसाठी १५० ला त्याने भागा, उत्तर नॉटमध्ये. ३००० पाउंड आणि १०० अश्वशक्तीला सुमारे २७ नॉट. जुन्या तळाला यापुढे रेटण्यात मला अर्थ दिसत नाही.

आकार थोडा मोठा हवा असेल तर फ्रेम तशाच ठेवून त्यांच्यातलं अंतर दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. सगळी मापं १.१ ने वाढवली तर बुडणारं आकारमान १.३३ पट होतं, आणि मूळ चित्रातली एकही जाडी, एकही इंजिन मग लागू पडत नाही.

इतकं करून आराखडा पक्का वाटला तरी लाकूड मागवण्याआधी तो १:१० चा नमुना बंद करून, वार्निश लावून पाण्यात सोडा. खरी होडी ९०० किलोची असेल तर नमुन्याचं एकूण वजन ९०० ग्रॅम भरायला हवं. वजनं काढलेल्या केंद्रावरच ठेवा आणि पाण्याची रेषा आराखड्यातल्या रेषेशी ताडून पाहा. मागे ३ मिमी जास्त बुडला, तर खरी होडी ३० मिमी बुडेल. मग आराखडा डिझायनरकडे परत पाठवा, सोबत वजनांचा तक्ता जोडून.