कोलारा गेटच्या अलीकडचं चिमूर

ताडोब्याची सफारी कशी झाली, असं सगळे विचारताहेत. छान झाली. वाघीण दिसली, बछडे दिसले, फोटो टाकलेत. मला लिहायचंय ते चिमूरबद्दल.

नागपूरहून उमरेड-भिसीमार्गे ताडोब्याच्या कोलारा गेटला जाणाऱ्या गाड्या चिमूरवरून जातात आणि बहुतेक न थांबता जातात. आमच्या रिसॉर्टवर मी विचारलं, "चिमुरात काय पाहण्यासारखं आहे?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काही नाही मॅडम. एटीएम आहे, मेडिकल आहे." त्या पोरावर माझा राग नाही, त्याला कुणी सांगितलंच नसेल. राग आहे तो रिसॉर्टच्या मालकांवर. खोलीतल्या गुळगुळीत माहितीपत्रकात पक्ष्यांची यादी आहे, पोहण्याच्या तलावाच्या वेळा आहेत. पण ज्या गावानं १९४२ साली इंग्रजी अंमल झुगारून दिला आणि त्याची जबर किंमत मोजली, त्या गावाबद्दल एक ओळ नाही. दुपारच्या सफारीला हे आणि मुलं गेली. मी चिमूरची वाट धरली.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले जाऊन आठवडा झाला होता. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा सगळा मुलूख आधीच तापला होता. मोर्च्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला आणि मग जमाव कुणाला आवरला नाही. डाकबंगला पेटला. प्रांताधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि पोलिसांतली माणसं मारली गेली. तीही कुणाच्या तरी घरची माणसं होती. चिमूरची गोष्ट सांगताना हे गाळू नये, असं मला वाटतं. लोकांनी झाडं पाडून रस्ते अडवले आणि ऐन पावसाळ्यात गावात तिरंगा राहिला.

१९ ऑगस्टला फौज आली. गाव परत घ्यायला लढाई अशी करावीच लागली नाही, कारण समोर लढायला फौज कुठे होती? पुरुष एकतर धरले गेले, नाहीतर रानात पळाले. घरात उरल्या बायका, म्हाताऱ्या आणि लेकरं. मग शिपाई घराघरांत शिरले.

बालाजीच्या देवळाकडून परतताना एका ओट्यावर एक आजी लाखोळी निवडत बसल्या होत्या. मी पाणी मागितलं.

"वाघ पाहाले आल्या असान?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी, गाव पाहायला आले. बेचाळीसचं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "माह्या सासूनं पाह्यलं थे. मी त मंग आलो या घरात." मग उठून म्हणाल्या, "या, अंदर या."

आतल्या खोलीत ढोली होती. बांबूच्या कमच्यांनी विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माझ्या डोक्यापेक्षा उंच. धान वरच्या तोंडातून ओततात, तेवढीच आत जायची वाट. लिंपण एका ठिकाणी पडलं होतं, तिथून आतली वीण दिसत होती. "जुनी मोडली. हे नंतरची हाय, पन तेवढीच," आजी म्हणाल्या. "श्रावनात धान सरत येते न बाई, ढोली रिकामी होते. म्हून जागा झाली. सासू तवा नवी नवरी होती. तिच्या सासूनं तिले ढोलीत उतरवलं, वरतून सूप ठेवलं, गोवऱ्या ठेवल्या. पानी बी वरतूनच दोरीनं सोडे. खोकला आला त तोंडात लुगडं कोंबे, म्हने."

"आणि त्यांच्या सासूबाई कुठे लपल्या?" मी विचारलं.

"थ्या त बाहेरच होत्या न."

यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "लिहाचं असन त लिहा, पन आमचं नाव नोको."

नाव मी लिहिलेलं नाही. पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. चिमूरच्या ज्या बायकांनी त्या दिवसांत तोंड उघडलं, त्यांचं धाडस किती मोठं होतं! अब्रूच्या नावाखाली सगळ्यांनी गप्प बसावं असा तो काळ. तरी दादीबाई बेगडे अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि गावात काय चाललंय ते तोंडावर सांगितलं. नागपूरहून बायकांचं पथक आलं, त्यांच्यापुढे बायका बोलल्या. ही हकीकत ऐकून गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी पायी चिमूरकडे निघाले, तर पोलिसांनी त्यांना धरून परत नेलं. मागणी साधी होती, चौकशी करा. त्यासाठी ते ६३ दिवस उपाशी राहिले, १२ जानेवारी १९४३ पर्यंत. उपोषणाच्या बातम्या छापायलाही सरकारनं बंदी घातली, तेव्हा ६ जानेवारीला देशभरातल्या वर्तमानपत्रांनी हरताळ पाळला. चिमूरच्या बायकांसाठी!

बेचाळीसच्या उठावासाठी फाशीची शिक्षा झालेल्या चिमूरच्या आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या कैद्यांना वाचवायला पुढे अनसूयाबाई काळे झटल्या आणि १९४५ मध्ये त्या फाशी टळल्या. हा इतिहास आपल्याकडे थोडाफार सांगितला जातो. दर १६ ऑगस्टला गावात कार्यक्रम होतो, पुढारी येतात, चिमूर जिल्हा व्हावा ही जुनी मागणी पुन्हा निघते. व्हावाच जिल्हा, माझा पाठिंबा आहे. पण हुतात्म्यांच्या नावांनी सुरू होणाऱ्या भाषणांत घराबाहेर राहिलेल्या त्या सासूबाई कुठे आहेत? त्यांच्या सुना गेल्या. आता सुनांच्या सुना सत्तरी-ऐंशीच्या आहेत, ऐकलेलं त्यांनाच तेवढं ठाऊक आहे. ज्यांना सांगायचंय त्यांच्याकडून कुणीतरी ते नाव न घेता लिहून घ्यायला हवं. जवळच्या कॉलेजातल्या पोरींनी हे केलं तर किती बरं होईल. आजी बाईमाणसापुढेच बोलतात.

राहण्याजेवण्याचं विचाराल तर चिमुरात साधी खानावळ मिळाली. वरण-भात, भाजी आणि मागाल तेवढा ठेचा. रिसॉर्टच्या बुफेपेक्षा मला हे जेवण कितीतरी आवडलं. वाढणाऱ्या ताईंनी पुन्हा पुन्हा भात वाढला आणि मी नको म्हटलं तर त्या रागावल्या. परतीची गाडी मिळायला तासभर लागला, ऊन मरणाचं होतं, स्टँडवर सावलीला जागा नव्हती.

भन्साळी नंतर नागपूरजवळच्या टाकळीला राहिले. त्या गावाला आता टाकळी भन्साळीच म्हणतात. पुढच्या सुट्टीत तिकडे जायचं ठरवलंय. तिथलं कुणी हे वाचत असेल तर जरूर कळवा.